घरातली वीज कुठे जाते : पंखा, फ्रीज, गिझर आणि मशिदीच्या बिलाचा हिशोब

वीजबिल हातात आलं की बहुतेक घरांत एकच संवाद होतो. अब्बा म्हणतात, "दिवे बंद करत जा." मुलं म्हणतात, "अम्मी दिवसभर टीव्ही लावते." अम्मी म्हणते, "आणि तुमचे मोबाईल?" दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळा राग दिव्यावर निघतो. खरं तर नऊ वॉटचा एलईडी बल्ब रोज सहा तास जळला तरी महिन्याला दीड युनिटच्या थोडं वर जातो. त्याच खोलीत दिवसाचे अठरा तास फिरणारा जुना पंखा महिन्याला चाळीस युनिट खातो. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

इस्राफ आणि तब्जीर हे शब्द आपल्याला नवे नाहीत. सूरह अल-अअराफच्या ३१ व्या आणि सूरह बनी इस्राईलच्या २६-२७ व्या आयतींवर जुम्म्याचे बयान आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. पण उधळपट्टी थांबवायची तर आधी ती कुठे होते ते कळायला हवं. त्यासाठी थोडा हिशोब करावा लागतो.

युनिट आणि टप्पे

एक हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतो. उपकरणाचे वॉट त्याच्या मागच्या चिकटपट्टीवर लिहिलेले असतात. वॉट गुणिले रोजचे तास गुणिले तीस, भागिले हजार, एवढं केलं की महिन्याचे युनिट मिळतात. इस्त्री हजार वॉटची असते, गिझर दोन हजारांचा, जुना पंखा सत्तर-पंचाहत्तरचा, एलईडी ट्यूब अठरा-वीसची. जुन्या चोकवाल्या ट्यूबला चोक धरून पन्नासच्या वर वॉट लागतात.

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात चार टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मीटर १०१ वर गेला की सगळेच युनिट महाग होतात, असं लोक समजतात. तसं नाही. पहिले १०० युनिट पहिल्याच दराने लागतात, फक्त वरचे युनिट पुढच्या दराने. पण गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त राहिला आहे. म्हणजे आपण जे युनिट वाचवतो ते वरून, महागड्या टप्प्यातून कमी होतात. शंभर युनिट वाचले तर फायदा सरासरी दराने मोजू नका, आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजा.

बिलावर वीज आकाराशिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि सोळा टक्के वीज शुल्कही असतं. स्थिर आकार वापरावर अवलंबून नाही. सिंगल फेजपेक्षा थ्री फेजला तो जास्त लागतो. कधीकाळी एसीसाठी थ्री फेज घेतलं, आता एसी विकून झाला, तरी स्थिर आकार तोच चालू आहे, अशी घरं असतात. एकदा बिल उलटून पाहा. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवरचे दर वेगळे आहेत, पण टप्प्यांची रीत हीच.

शिवणकाम, जरीकाम, मेहंदी, घरगुती डबे असं काही घरातून चालत असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू होतो अशी तरतूद दरपत्रकात आहे. एक शिलाई मशीन बघून कुणी व्यापारी दर लागेल म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. मात्र वापर या मर्यादेत राहतो की नाही ते स्वतः पाहत चला.

आठवडाभर एक करून बघा. रोज इशाच्या नमाजनंतर मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहा. मुलांना हे काम द्या, त्यांना आवडतं. सात दिवसांत कळतं की कोणत्या दिवशी काय चाललं होतं. एक दिवस घरातलं सगळं बंद करा, फ्रीजही, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. तरीही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे, किंवा दुसऱ्या कुणाची वायर आपल्या मीटरवर आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळीत हे नवल नाही. मग मात्र वायरमन बोलावण्याला पर्याय नाही.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायला तो बरा. फक्त रमजानचं भान ठेवा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा मार्च आणि यंदाचा मार्च आपल्या घरात सारखे नसतात.

पंखे : सर्वांत मोठी बचत इथे

एक साधं उदाहरण घेऊ. आई-वडील, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, असं आठ-नऊ माणसांचं घर. पाच पंखे. प्रत्येक पंखा सरासरी पंधरा तास चालतो. जुने पंचाहत्तर वॉटचे पंखे असतील तर महिन्याला जवळपास १६९ युनिट फक्त पंख्यांचे. आता बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात, ते पूर्ण वेगाला तीस वॉटच्या आसपास घेतात. तेच पाच पंखे, तेच तास, आणि युनिट ६८. महिन्याला शंभर युनिटचा फरक, तोही कुणाची हवा कमी न करता.

असा पंखा साधारण अडीच ते साडेतीन हजारांना येतो. युनिटला दहा रुपये धरले तर शंभर युनिटचे हजार रुपये होतात. पाच पंख्यांचे पंधरा हजार सव्वा वर्षात निघायला हवेत, पण थंडीत पंखे कमी चालतात म्हणून दीड-दोन वर्षं धरा. पाचही एकदम घेण्याची गरज नाही. जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदला. बहुतेक घरांत तो दिवाणखान्यातला नसून दादी किंवा नानी जिथे दिवसभर असते त्या खोलीतला असतो. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर लागत नाही, तो काढून थेट जोडणी करायला वायरमनला सांगा, नाहीतर पंखा बिघडतो आणि दोष पंख्याला लागतो.

पंखे बदलणं सध्या जमत नसेल तर निदान जुना मोठा डबीवाला रेग्युलेटर बदला. तो वेग कमी करतो, पण वाचलेली वीज स्वतःच उष्णता करून उडवतो. हात लावून बघा, गरम लागेल. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काही शे रुपयांत येतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही घरांत बचतीची सुरुवात म्हाताऱ्या माणसाच्या पंख्यापासून होते, कारण तो तक्रार करत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हे जिवावर बेतू शकतं. बचत पंख्याच्या वॉटात करा, आजारी आणि वयस्कर माणसाच्या हवेत नाही.

घर वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याचं असेल तर गच्चीला, पत्र्याला उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा. ऊन परतवलं की छत कमी तापतं आणि रात्री पंखा गरम हवा खाली ढकलत बसत नाही. मालेगाव, खानदेश, मराठवाडा, विदर्भ इथल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो आणि दीड-दोनशे वॉटमध्ये भागतं. मुंबई, भिवंडी, रत्नागिरीच्या दमट हवेत कूलर लावला तर गाद्या ओल्या होतात, गारवा येत नाही.

एसी असेल तर २४ च्या खाली नेऊ नका. स्टार लेबलच्या एसीला २०२० पासून कारखान्यातूनच २४ अंश लावून येतात, ते उगाच नाही. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २६ वर एसी आणि वर हळू पंखा, हा जोड बहुतेकांना पुरतो. जाळी महिन्यातून एकदा धुवा.

फ्रीज, आणि बकरी ईदचा आठवडा

फ्रीज चोवीस तास चालू असतो, म्हणून त्याचं लेबल सर्वांत आधी वाचावं. त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. दाराचं रबर सैल झालं की थंडावा बाहेर जात राहतो. दारात एक कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला. फ्रीज भिंतीला टेकवू नका, चुलीशेजारी तर नकोच. डायरेक्ट कूलच्या फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साठू देऊ नका. आणि तो सुरीने फोडू नका, गॅसच्या नळीला भोक पडलं की फ्रीज गेला.

कुर्बानीच्या दिवसांत फ्रीजची खरी परीक्षा असते. ताजं गोश्त अंगच्या उष्णतेसह, मोठ्या पिशव्या भरून, एकदम कोंबलं जातं. कॉम्प्रेसर दोन दिवस न थांबता चालतो, तरी मधलं गोश्त लवकर गार होत नाही. वीजही जाते आणि गोश्तही बिघडतं. सोपी रीत अशी : जो वाटा नातेवाइकांचा आणि गरिबांचा आहे तो आधी वाटून मोकळे व्हा. उरलेलं मोठ्या ताटांत पसरून पंख्याखाली थोडा वेळ निववा, फार वेळ बाहेर ठेवू नका. मग एका वेळच्या शिजवणीइतक्या छोट्या चपट्या पिशव्या करा. आधी एक थर लावा, तो घट्ट झाला की दुसरा. पिशव्यांमध्ये हवा फिरायला जागा ठेवा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि काढल्यावर लवकर सुटतेही.

रमजानात समोसे, शरबत, बर्फ यांसाठी इफ्तारच्या आधी अर्ध्या तासात फ्रीज वीस वेळा उघडतो. लागणाऱ्या सगळ्या वस्तू एका ताटात ठेवून एकदाच काढल्या तर हे थांबतं.

गिझर आणि वुजूचं पाणी

नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम साधारण एका मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करत, असं बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आलेलं आहे. मुद्दचं माप शाफई आणि हनफी हिशोबात थोडं वेगळं येतं, त्यामुळे कोकणातल्या आणि देशावरच्या घरांत आकडा जरा पुढे-मागे होईल. पण कोणत्याही हिशोबाने ते लिटरभराच्या आसपास किंवा कमीच आहे. नळ उघडा ठेवून दोन मिनिटं वुजू केला तर दहा-बारा लिटर जातात.

हा पाण्याचा मुद्दा थंडीत विजेचा होतो. समजा घरात सहा माणसं फजरचा वुजू कोमट पाण्याने करतात. पाणी २० अंशांवरून ३८ अंशांवर न्यायचं आहे. प्रत्येकी दहा लिटर म्हणजे साठ लिटर, त्याला सव्वा युनिट लागतो. तोच वुजू तांब्याने किंवा मगाने, प्रत्येकी दीड लिटरमध्ये केला तर नऊ लिटर, म्हणजे पाव युनिटही नाही. महिन्याला साधारण ३८ युनिट विरुद्ध ६, तेही एका फजरचे. रमजान पुढच्या वर्षांत आणखी थंडीत सरकतो आहे, तेव्हा सहरीच्या वेळचा गिझर हा खर्च वाढतच जाणार.

गिझर रात्रभर चालू ठेवायची सवय सोडा. पंधरा लिटरच्या टाकीला तापायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात, सहरीला उठल्यावर लावला तरी फजरपर्यंत पाणी तयार असतं. तापमान ६० ऐवजी ५० वर ठेवा. फक्त वुजूपुरतं पाणी हवं असेल तर गिझर कशाला? दोन-तीन लिटर पाणी चुलीवर किंवा केटलीत तापवून बादलीत मिसळलं की झालं.

पाण्यात टाकायचा रॉड स्वस्त पडतो, पण त्याने जीव गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालायचं नाही, बटण बंद करून प्लग काढल्यावरच बादलीला हात लावायचा. लहान मुलं असलेल्या घरात तो नसलेलाच बरा.

पाणी टाकीत चढवण्यालाही वीज लागते. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. टाकी भरून वाहते आहे आणि खाली कुणाला पत्ता नाही, हे रोजचं असेल तर टाकीत फ्लोट स्विच किंवा भरल्यावर वाजणारी घंटी बसवा.

चूल, इस्त्री आणि रात्रीची बटणं

गॅसही ऊर्जाच आहे, आणि सिलिंडरचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. खिचडा-हलीमचा गहू आणि डाळी रात्री भिजवा, छोले-राजमाही तसेच. कुकरमध्ये जे होतं ते उघड्या देगचीत करू नका. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती हवा तापवते. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली तर बर्नर साफ करा.

इस्त्री एकेका कपड्यासाठी तापवण्यापेक्षा जुम्म्याचे कुर्ते गुरुवारी एकत्र करा. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेत राहतो. दहा वॉट धरले तरी महिन्याला सात युनिट. भिंतीवरचं बटण बंद करा.

रात्री झोपताना दिवे विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, आणि तिथे कारण आगीचं दिलेलं आहे. आपल्याकडे दिव्याची जागा आता एक्स्टेन्शन बोर्डाने घेतली आहे. एकाच बोर्डावर तीन चार्जर, डासांचं मशीन आणि कूलर, वर पडदा. झोपण्याआधी हा बोर्ड बंद करण्याने युनिट थोडेच वाचतात, पण घर वाचतं.

स्मार्ट टीओडी मीटर बसलेला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर घरगुती ग्राहकाला सवलत मिळते. ती किती, ते आपल्या बिलावर दिसेल. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर ही कामं त्या वेळात घ्या.

मशिदीचं बिल

मशिदीचं बिल चंद्यातून भरलं जातं, म्हणजे ती अमानत आहे. तरी घरात दिवा बंद करणारा माणूस मशिदीत चाळीस पंखे लावून दोन सफांत नमाज पढतो. चाळीस जुने पंखे म्हणजे तासाला तीन युनिट. दोष नमाजींचा नाही, वायरिंगचा आहे. बहुतेक मशिदींत एका बटणावर आठ-दहा पंखे असतात आणि ते सफांप्रमाणे नसून भिंतीप्रमाणे जोडलेले असतात. रंगकाम निघेल तेव्हा ट्रस्टींनी एवढं करून घ्यावं : प्रत्येक सफेचं बटण वेगळं, आणि बोर्डावर सफेचा नंबर. मुअज्जिन साहेबांना मग फजरला पुढच्या दोन सफांचेच पंखे लावता येतील. वुजूखान्यात दाबून सोडायचे नळ बसवले तर पाणी आणि मोटर दोन्ही वाचतात. थेंब थेंब गळणारा एक नळसुद्धा दिवसाला वीस लिटरच्या आसपास घालवतो.

बिलावरचा दर-प्रकारही ट्रस्टींनी तपासावा. महावितरणच्या दरपत्रकात मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च अशा प्रार्थनास्थळांना घरगुती दर लागतो. पण आवारातला हॉल भाड्याने दिला जात असेल किंवा दुकानं असतील तर त्या भागाला व्यापारी दर आहे. दोन्ही एकाच मीटरवर असतील तर भानगड होते. तिथे वेगळा मीटर घेतलेला चांगला. ईद-ए-मिलाद किंवा उर्सच्या रोषणाईसाठी तात्पुरती जोडणी मिळते, तिचा अर्ज आधी करा. खांबावर आकडा टाकणं ही विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नबींच्या नावाची रोषणाई चोरीच्या विजेवर करू नये, हे सांगायला कायद्याचीही गरज पडू नये.

छतावरचं सोलर

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. अनुदान पॅनेल बसून मीटर लागल्यावर बँक खात्यात येतं, म्हणजे आधी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. एक किलोवॉट महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी. सावली नसलेली शंभर चौरस फूट जागा त्याला लागते.

बँका यासाठी कर्ज देतात, पण ते व्याजाचं असतं आणि आपल्यातली अनेक कुटुंबं इथेच थांबतात. त्यांनी क्रम उलटा करावा. आधी पंखे आणि गिझरची सवय बदलून वापर खाली आणावा. महिन्याला ३०० युनिट लागणाऱ्या घराला तीन किलोवॉट हवे असतात, तेच घर २०० वर आलं तर दोन किलोवॉटमध्ये भागतं, आणि दोन किलोवॉटची रक्कम बचतीतून, भिशीतून किंवा नातेवाइकांच्या कर्ज-ए-हसनामधून उभी राहू शकते. बिल आणि घर ज्याच्या नावावर आहे त्याच नावाने अर्ज करावा लागतो. आजोबांच्या नावावर मीटर आणि वारस पाच, अशी स्थिती असेल तर आधी मीटरचं नाव बदलण्याचा अर्ज द्या, मगच सोलरवाल्याला बोलवा.